उसनी ढाल किती दिवस पुरणार?

११ एप्रिल २०२४ रोजी पहाटे, युक्रेनची राजधानी कीव्ह हिच्या दक्षिणेस सुमारे पन्नास किलोमीटरवर नीपर नदीच्या काठी असलेल्या ट्रिपिल्या येथील औष्णिक वीजकेंद्रावर रशियाची अकरा क्षेपणास्त्रे चालून आली. पहिली सात युक्रेनच्या सैनिकांनी वाटेतच पाडली. उरलेल्या चारांनी ते केंद्र बेचिराख केले. कीव्ह, चेर्कासी आणि झितोमिर या तीन प्रांतांना वीज पुरविणारे ते सर्वांत मोठे केंद्र होते. ही चार का पाडता आली नाहीत, याचा खुलासा अध्यक्ष झेलेन्स्की यांनी पुढे एका अमेरिकन मुलाखतीत केला, आणि तो ऐकून कोणाही विचारी माणसाने अंतर्मुख व्हावे असाच तो होता. ती पाडावयास क्षेपणास्त्रेच शिल्लक नव्हती, एवढेच त्यांनी सांगितले. सैनिक जागेवर होते, रडारला शत्रू दिसत होता, नेमही चुकला नव्हता. भाता रिकामा झाला होता.

या घटनेस दोन दिवस होतात न होतात तोच १३ एप्रिलच्या रात्री इराणने इस्राएलवर तीनशेंहून अधिक ड्रोन आणि क्षेपणास्त्रे सोडली. अमेरिकेची, ब्रिटनची आणि फ्रान्सची लढाऊ विमाने इस्राएलच्या साहाय्यास आकाशात उडाली, जॉर्डननेही आपल्या हद्दीवरून जाणारी अस्त्रे पाडली, आणि इराणचा तो सारा मारा जवळजवळ निष्फळ ठरला. सकाळी पाश्चात्त्य राजधान्यांतून या यशाबद्दल समाधानाची पत्रके निघाली. अंधारात बसलेल्या कीव्हच्या नागरिकाने ती पत्रके कोणत्या मनाने वाचली असतील, याची कल्पना करणे अवघड नाही. इस्राएलप्रमाणेच युक्रेनही ‘नाटो’चा सभासद नव्हे, मग एकाच्या आकाशात मित्रांची विमाने उतरतात आणि दुसऱ्याला काटकसरीने क्षेपणास्त्रे मोजून मिळतात, हा भेद कशासाठी, असा प्रश्न झेलेन्स्की यांनी त्या वेळी उघडपणे विचारला. त्याचे उत्तर सर्वांना ठाऊक होते, परंतु ते मोठ्याने उच्चारण्याची कोणाची तयारी नव्हती. इराणजवळ अणुबाँब नव्हता. रशियाजवळ तो आहे.

आम्ही हा प्रसंग मुद्दाम आरंभी सांगितला, कारण २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने सर्वंकष आक्रमण केल्यापासून युक्रेनला मिळालेल्या पाश्चात्त्य लष्करी साहाय्याविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकावयास मिळतात. एक पक्ष म्हणतो की, अमेरिका आणि युरोप यांनी युक्रेनला इतकी शस्त्रे पुरविली की हे युद्ध खरोखर त्यांचेच आहे. दुसरा म्हणतो की, पाश्चात्त्यांनी मनावर घेतले असते तर रशिया केव्हाच हटला असता. त्यांच्यात इच्छाच नव्हती. आमच्या मते दोन्ही पक्षांनी एक साधी गोष्ट गृहीत धरली आहे, ती अशी की पाश्चात्त्यांच्या कोठारात शस्त्रे खच्चून भरलेली आहेत आणि प्रश्न फक्त कुलूप उघडण्याचा आहे. वस्तुस्थिती तशी नाही. निदान हवाई संरक्षणाच्या बाबतीत तर ती अगदीच तशी नाही. इच्छेची मर्यादा होती, भीतीची मर्यादा होती, राजकारणाची तर होतीच होती. परंतु या सर्वांच्या तळाशी जी मर्यादा आहे ती कारखान्याची आहे. आणि तिची चर्चा सर्वांत कमी झाली आहे.

वृत्तपत्राच्या व्यवसायात येण्यापूर्वी आम्ही काही वर्षे शाळेत शिकवीत होतो. आमचे विषय मराठी आणि इतिहास हे. गणिताशी आमचा संबंध रजेवर गेलेल्या सहकाऱ्याचा तास घेण्यापुरताच. तरीही सातवीच्या मुलास सुटावे असे एक उदाहरण येथे मांडल्यावाचून राहवत नाही.

उंचावरून वेगाने कोसळणारे प्रक्षेपी क्षेपणास्त्र अडवू शकेल असे पाश्चात्त्यांचे मुख्य साधन म्हणजे अमेरिकेची ‘पॅट्रियट’ यंत्रणा. फ्रान्स आणि इटली यांनी मिळून केलेली एक यंत्रणा आहे, पण तिची संख्या फार थोडी. पॅट्रियटच्या तोफखान्यातून जे सर्वांत प्रभावी अस्त्र सुटते, त्या ‘पॅक-३’ची किंमत एका नगास सुमारे चाळीस लाख डॉलर. अमेरिकेतील कारखान्यातून ही अस्त्रे २०२४ साली सुमारे पाचशे बाहेर पडली, २०२५ साली सहाशेच्या थोडी वर. जुन्या धाटणीची आणखी दोन-अडीचशे धरावी. आता दुसरी बाजू. युक्रेनच्या लष्करी गुप्तवार्ता खात्याच्या अंदाजानुसार २०२५ मध्ये रशिया एकट्या ‘इस्कंदर’ जातीची प्रक्षेपी क्षेपणास्त्रे दरमहा साठच्या आसपास तयार करीत होता. ‘किंझाल’ निराळी, उत्तर कोरियाकडून आलेली निराळी. येणारे एक क्षेपणास्त्र खात्रीने पाडावयाचे तर सामान्यतः त्यावर दोन अस्त्रे सोडावी लागतात. म्हणजे वर्षाची सातशे वीस इस्कंदर पाडावयास चौदाशे चाळीस अस्त्रे हवीत, आणि अवघ्या जगासाठी तयार होतात त्याच्या निम्म्याच्या आसपास. बरे, ही सर्व युक्रेनला मिळतात असेही नाही. पॅट्रियट बाळगणारी राष्ट्रे दीड डझनांच्या वर आहेत, आणि प्रत्येकाची मागणी कारखान्याच्या वहीत आधीच नोंदलेली आहे. रशियाने सोडलेले प्रत्येक इस्कंदर पॅट्रियटच्या टप्प्यातच पडते असे नव्हे, आणि प्रत्येकावर दोन अस्त्रे खर्चण्याचा मोह युक्रेनही टाळीत असेल. ही सूट दिली तरी शेष शून्य येत नाही.

मग कारखाने वाढवावेत, असे कोणीही सहज म्हणेल. ते वाढविले जात आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकन सैन्याने सुमारे दोन हजार पॅक-३ अस्त्रांची ९८० कोटी डॉलरची मागणी नोंदविली. जानेवारी २०२६ मध्ये वार्षिक उत्पादन दोन हजारांवर नेण्याचा करारही जाहीर झाला. परंतु त्यासाठी मुदत धरली आहे सात वर्षांची. हे वाचून ज्यांना आळसाचा संशय येईल त्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. या अस्त्राच्या टोकाशी लक्ष्य हुडकणारा जो डोळा बसवितात तो अलाबामा संस्थानातील हंट्सव्हिल येथे बोइंग कंपनीच्या कारखान्यात तयार होतो. जपानात मित्सुबिशी कंपनी परवान्याने हेच अस्त्र बनविते, वर्षाला तीस-एक. २०२४ मध्ये जपानने हे उत्पादन वाढवावे असे अमेरिकेने सुचविले, तेव्हा अडचण तीच निघाली की जपानला पुरतील इतके डोळेच तयार होत नव्हते. पैसा आहे, कराराचा कागद आहे, गिऱ्हाइके रांगेत उभी आहेत, आणि सारे एका सुट्या भागापाशी अडले आहे. ज्याने आयुष्यात एकदा तरी घर बांधले असेल त्यास हा अनुभव नवीन वाटू नये.

ही अवस्था एका दिवसात आली नाही. सोव्हिएट संघराज्य कोसळल्यानंतर पश्चिम युरोपने असे मानले की मोठ्या युद्धाचा काळ संपला. तसे मानण्यात त्या वेळी कोणाला गैर वाटले नाही. आम्हांसही वाटले नव्हते. पश्चिम जर्मनीजवळ शीतयुद्धाच्या काळात पॅट्रियटच्या तीन डझन तुकड्या होत्या. २०२२ मध्ये संयुक्त जर्मनीजवळ डझनभर उरल्या होत्या. त्यांतून २०२४ च्या मध्यापर्यंत तीन त्याने युक्रेनला दिल्या आणि पुढे आणखी दोन देण्याचे ठरविले. जर्मनीवर कंजूषपणाचा आरोप करणाऱ्यांनी हा हिशेब पाहावा. खांद्यावरून सोडावयाच्या ‘स्टिंगर’ अस्त्राची कथा तर आणखी बोलकी आहे. अमेरिकन संरक्षण खात्याने सुमारे अठरा वर्षे ते नवे विकत घेतलेच नव्हते. २०२२ च्या वसंतात हजारो स्टिंगर युक्रेनला दिल्यावर ते पुन्हा बनवावयाचे ठरले, तेव्हा त्यांतील कित्येक भाग बाजारातून नाहीसे झाल्याचे आढळले, आणि ते कसे जोडावयाचे हे नव्या कामगारांस शिकविण्यासाठी सत्तरी ओलांडलेल्या सेवानिवृत्त कारागिरांना घरून बोलावून आणावे लागले. तोफगोळ्यांचेही तेच. मार्च २०२३ मध्ये युरोपीय संघाने एका वर्षात दहा लक्ष गोळे देण्याचे वचन दिले. मुदत भरली तेव्हा निम्म्याहून किंचित अधिक पोहोचले होते.

येथे इतिहासातील एका तुलनेचा मोह आवरत नाही. मार्च १९४१ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ‘लेंड-लीज’ कायद्यावर सही केली आणि पुढील चार वर्षांत अमेरिकेने मित्रराष्ट्रांना सुमारे पन्नास अब्ज डॉलरची सामग्री पुरविली. युक्रेनच्या साहाय्याविषयी बोलताना पाश्चात्त्य मुत्सद्दी त्या कायद्याचे स्मरण वारंवार करून देतात. ते एक गोष्ट सांगावयास विसरतात. फेब्रुवारी १९४२ मध्ये अमेरिकेने खाजगी मोटारींचे उत्पादन बंद केले. डेट्रॉइटच्या ज्या कारखान्यांतून मोटारी निघत त्यांतून रणगाडे आणि विमाने निघू लागली. त्या वेळी देणारा स्वतः युद्धात उतरला होता आणि त्याची अवघी गिरणी युद्धाच्या पट्ट्यावर फिरत होती. २०२२ नंतर पाश्चात्त्य राष्ट्रांत एकही मोटारीचा कारखाना त्या कारणासाठी थांबला नाही. शांततेच्या अर्थव्यवस्थेत राहून त्यांनी युद्धाच्या अर्थव्यवस्थेशी झुंजणाऱ्याला साहाय्य केले. रशियाने मात्र तातारस्तानातील येलाबुगाजवळ इराणी ‘शाहेद’ ड्रोनचा प्रचंड कारखाना उभारला आणि तो रात्रंदिवस चालविला.

या ड्रोनने तर हवाई संरक्षणाचे जुने गणितच उलटे केले आहे. हे यंत्र काही फार हुशार नव्हे. ते मोटारसायकलीसारखा आवाज करीत तासाला दीड-दोनशे किलोमीटर वेगाने येते आणि पोटात पन्नास-एक किलो स्फोटके आणते. त्याची किंमत वीस ते पन्नास हजार डॉलर असावी असा अंदाज करतात. चाळीस लाखांच्या अस्त्राने ते पाडणे म्हणजे उंदीर मारावयास हत्ती सोडणे होय. रशियाला हे पूर्ण ठाऊक आहे. त्याने ड्रोन थव्याने सोडावयास आरंभ केला, त्यांत पोकळ, केवळ हुलकावणी देणारीही मिसळली, आणि पाठोपाठ खरी क्षेपणास्त्रे धाडली. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री आठशेंहून अधिक ड्रोन एका वेळी युक्रेनवर आले. त्यांतील सातशेंहून अधिक पाडले वा भरकटविले, असे युक्रेनच्या हवाई दलाने सांगितले. आणि ही कामगिरी असामान्य होती यात शंका नाही. तरी त्या पहाटे कीव्हमधील मंत्रिमंडळाच्या इमारतीस युद्धात प्रथमच आग लागली. शंभरातील नव्वद पाडले हा आकडा ऐकावयास भूषणावह वाटतो. आठशेंतील ऐंशी सुटले, हे त्याचेच दुसरे रूप शहरातल्या माणसाला भोगावे लागते.

या आघाडीवर मात्र युक्रेनने परदेशी देणग्यांची वाट पाहत बसण्याचे नाकारले, आणि या युद्धातील आम्हांस सर्वांत आशादायक वाटलेली गोष्ट हीच आहे. खांबांवर हजारो ध्वनिग्राहक बसवून येणाऱ्या ड्रोनचा घरघराट टिपण्याची एक व्यवस्था तेथील तंत्रज्ञांनी उभारली. तिचा सारा खर्च पॅट्रियटच्या दोन-तीन अस्त्रांच्या किमतीत बसावा. साध्या मालमोटारीवर मशीनगन आणि प्रकाशझोत चढवून रात्रभर फिरणाऱ्या टोळ्या त्यांनी नेमल्या. आता तर ड्रोनला ड्रोननेच गाठून पाडणारी, काही हजार डॉलरची यंत्रे ते स्वतः बनवितात, आणि २०२५ च्या अखेरीस ब्रिटननेच अशा एका युक्रेनी यंत्राचे उत्पादन आपल्याकडे हाती घेण्याचे ठरविले. देणारा आणि घेणारा यांची जागा येथे बदललेली दिसते. सप्टेंबर २०२५ मध्ये वीस-एक रशियन ड्रोन पोलंडच्या हद्दीत शिरले तेव्हा ‘नाटो’ने अतिशय महाग लढाऊ विमाने त्यांच्यामागे धाडली. त्यानंतर पोलंडचे सैनिक युक्रेनकडून धडे घेण्याची भाषा करू लागले, हे योग्यच झाले.

स्वस्त उपायांतही परक्याचा हात लागला की अडथळा कसा येतो, याचेही एक उदाहरण आहे. ड्रोन पाडण्यास अत्यंत उपयुक्त ठरलेली ‘गेपार्ड’ ही जर्मन विमानविरोधी तोफगाडी. जर्मनीने ती जुनाट म्हणून केव्हाच मोडीत काढली होती. ती युक्रेनला दिली, परंतु तिचे पस्तीस मिलिमीटरचे गोळे मूळचे स्वित्झर्लंडचे, आणि आपण तटस्थ आहोत, तेव्हा आमचा दारूगोळा युद्धात वापरता येणार नाही, असे त्या देशाने ठणकावून सांगितले. अखेर जर्मनीने स्वतःचा नवा कारखाना घातला आणि २०२३ च्या सप्टेंबरात गोळे सुरू झाले. त्यात वर्ष गेले. पुढे २०२५ मध्ये अमेरिकेने स्वित्झर्लंडला कळविले की तुम्ही मागणी केलेल्या पॅट्रियट तुकड्या उशिरा मिळतील, कारण त्या आधी युक्रेनच्या उपयोगासाठी जावयाच्या आहेत. यावर भाष्य करण्याचे आम्ही टाळतो.

भीतीच्या मर्यादेकडे आता येऊ. हवाई संरक्षण म्हणजे आलेले अस्त्र पाडणे, एवढाच अर्थ पाश्चात्त्यांनी दीर्घकाळ घेतला. धनुष्याला हात न लावता केवळ बाण झेलीत राहावे, असा हा प्रकार होता. मार्च २०२२ मध्ये युक्रेनने आपल्या आकाशात रशियन विमानांस बंदी घालण्याची मागणी केली, ती ‘नाटो’ने नाकारली, कारण ती अमलात आणावयाची तर पाश्चात्त्य वैमानिकांना रशियन विमानांवर गोळ्या झाडाव्या लागल्या असत्या. तो नकार आम्हांस समजतो. दोन अण्वस्त्रधारी शक्तींची समोरासमोर चकमक होऊ नये, असे ज्याला वाटत नाही त्याने जबाबदारीची पदे भूषवू नयेत. परंतु पुढे जे घडले त्याचे समर्थन करणे कठीण आहे. रणगाडे द्यावेत की नाही, यावर काही महिने गेले. एफ-१६ विमाने द्यावीत की नाही, यावर वर्ष गेले, आणि ती युक्रेनच्या आकाशात दिसली ऑगस्ट २०२४ मध्ये, तीही थोडी. प्रत्येक शस्त्र आधी नाकारले गेले, मग दिले गेले, आणि दरम्यानच्या अवधीत रशियाने त्यावर तोड काढली.

खारकीव्हने या धोरणाची किंमत सर्वांत जास्त मोजली. हे शहर रशियाच्या सरहद्दीपासून केवळ तीस-एक किलोमीटरवर आहे. २०२२ पूर्वी त्याचे नाव आपल्याकडील कित्येक घरांत ठाऊक होते ते तेथील वैद्यकीय शिक्षणामुळे; आक्रमणाच्या पहिल्या आठवड्यात तेथून पायी, आगगाडीने, मिळेल त्या वाहनाने बाहेर पडलेली मुले महाराष्ट्रात परतली तेव्हा त्यांनी सांगितलेल्या हकिकती वाचकांच्या स्मरणात असतील. या शहरावर रशियाने पंख जोडलेले, घसरत येणारे पाचशे किलोचे बाँब टाकले. हा बाँब म्हणजे सोव्हिएट काळातील साधा लोखंडी बाँब. त्याला पंख आणि दिशादर्शक उपकरण जोडले की विमान रशियाच्या हद्दीतूनच तो सोडून परत फिरते. असला बाँब अस्त्राने पाडणे परवडत नाही. पाडावयाचे ते विमान, किंवा मारावयाचा तो विमानतळ. परंतु सरहद्दीपलीकडे अमेरिकन शस्त्र वापरावयाचे नाही, असा दंडक होता. तो ३० मे २०२४ रोजी खारकीव्हसमोरच्या पट्ट्यापुरता सैल झाला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आणखी. तोवर मार खाणाऱ्याने मार खात राहावे, एवढेच नियमात बसत होते.

राजकारणाविषयी थोडक्यात सांगितले तरी पुरे. ट्रिपिल्याचे केंद्र जळत होते तेव्हा युक्रेनसाठी एकसष्ट अब्ज डॉलरची तरतूद अमेरिकन काँग्रेसमध्ये सहा महिने पडून होती. तिच्यावर सही झाली २४ एप्रिल २०२४ रोजी, केंद्र नष्ट झाल्यावर तेरा दिवसांनी. २०२५ मध्ये श्री. ट्रम्प अध्यक्ष झाल्यावर मार्चमध्ये एक आठवडाभर आणि जुलैच्या आरंभी काही दिवस पुरवठा थांबविण्यात आला व पुन्हा सुरू झाला. जुलैच्या खंडामागे केवळ लहर होती असे म्हणता येणार नाही. आदल्याच महिन्यात इस्राएल आणि इराण यांचे बारा दिवसांचे युद्ध झाले होते. २३ जूनला कतारमधील अल् उदैद तळावर इराणची क्षेपणास्त्रे आली तेव्हा झालेला पॅट्रियटचा मारा अमेरिकन सैन्याच्या इतिहासातील सर्वांत मोठा होता, असे तेथील सेनाप्रमुखांनीच सांगितले. एका कोठारावर दोन रणभूमी जगत होत्या, आणि कोठाराच्या मालकाने आधी आपले सैनिक पाहिले. कोणत्याही मालकाने तेच केले असते, असे आम्हांस वाटते. १४ जुलै २०२५ पासून तर देणगीचे स्वरूपच पालटले. अमेरिका शस्त्रे विकते, युरोप आणि कॅनडा पैसे भरतात, युक्रेनला माल मिळतो, अशी ती नवी व्यवस्था. पैशाचा प्रश्न तिने बऱ्याच अंशी सोडविला. डिसेंबर २०२५ मध्ये युरोपीय संघाने, गोठविलेल्या रशियन ठेवींना हात लावण्याचे धाडस न झाल्याने स्वतः कर्ज काढून, युक्रेनला दोन वर्षांसाठी नव्वद अब्ज युरो देण्याचे ठरविले. परंतु जानेवारी २०२६ मध्ये, कीव्हमधील हजारो इमारती कडाक्याच्या थंडीत बिनाउष्णतेच्या असताना, झेलेन्स्की यांनी पुन्हा एकदा सांगितले की त्या दिवशी सकाळी नवा साठा येईपर्यंत आमच्या काही यंत्रणा अस्त्रांवाचून उभ्या होत्या. ट्रिपिल्यानंतर पावणेदोन वर्षांनी हेच वाक्य.

युक्रेनलाही सर्वस्वी निर्दोष ठरविणे आमच्या हातून होणार नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये तेथील भ्रष्टाचारविरोधी खात्याने ऊर्जाक्षेत्रातील लाचखोरीचे एक प्रकरण उजेडात आणले. सरकारी अणुऊर्जा कंपनीच्या ठेकेदारांकडून शेकडा दहा-पंधरा टक्के उकळले जात होते, असा आरोप झाला. आणि ज्या कामांत हे घडले म्हणतात त्यांत वीजकेंद्रांभोवती संरक्षक भिंती उभारण्याचे कामही होते. दोन मंत्री गेले, पुढे अध्यक्षांच्या कचेरीचे प्रमुखही गेले. आरोपांचा निवाडा न्यायालय करील. परंतु जी भिंत काँक्रीटने बांधता येते आणि जिच्यासाठी अलाबामातून काहीही यावे लागत नाही, तिच्यातही कोणी हात मारला असेल, तर त्या माणसास युक्रेनच्या नागरिकांनी क्षमा करू नये. हे प्रकरण युद्ध चालू असताना युक्रेनच्याच खात्याने बाहेर काढले, हे मात्र त्या देशाच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

आपल्या देशाला यात काही घेण्यासारखे आहे काय, असे वाचक विचारतील. ऑक्टोबर २०१८ मध्ये आपण रशियाकडून ‘एस-४००’ या हवाई संरक्षण यंत्रणेच्या पाच तुकड्या घेण्याचा सुमारे साडेपाच अब्ज डॉलरचा करार केला. २०२३ पर्यंत तीन आल्या आणि मे २०२५ च्या संघर्षात त्या उपयोगी पडल्या. उरलेल्या दोन ठरल्या मुदतीत आल्या नाहीत, कारण विकणारा स्वतः युद्धात गुंतला होता. युक्रेनची अडचण ज्या जातीची, तिचीच ही धाकटी बहीण आहे. युक्रेनजवळ आरंभी जो काही बळकट हवाई बचाव होता तोही सोव्हिएट काळातील एस-३०० आणि ‘बुक’ यंत्रणांचा होता, आणि त्यांची अस्त्रे संपली तेव्हा ती बनविणारा कारखाना शत्रूच्या देशात होता. सोव्हिएट तोफगाड्यांवर अमेरिकन अस्त्रे बसविण्याची जी धडपड पुढे झाली ती कौतुकास्पद खरी, पण ती अगतिकतेतून जन्मलेली होती.

२०२५ च्या अखेरीपासून शस्त्रसंधीची आणि तीनंतरच्या संरक्षण-हमीची बोलणी जोरात झाली. त्यांचे काय होईल ते भविष्य आम्ही वर्तवीत नाही. परंतु अशा हमीचा एक कागद युक्रेनजवळ पूर्वीपासून आहे. ५ डिसेंबर १९९४ रोजी बुडापेस्ट येथे त्याने आपल्या भूमीवरील सोव्हिएट अण्वस्त्रे सोडून दिली आणि त्या बदल्यात अमेरिका, ब्रिटन व रशिया यांनी त्याच्या सरहद्दींचा आदर करण्याचे आश्वासन लिहून दिले. ‘हमी’ हा शब्द त्याच्या इंग्रजी मसुद्यात नव्हता. ‘आश्वासन’ हा होता, आणि तो अमेरिकन मुत्सद्द्यांनी जाणूनबुजून निवडला होता. तेव्हा पुढील करारात युक्रेनने शब्दांवर समाधान न मानता दरमहा किती अस्त्रे, कोणत्या कारखान्यातून, कोणाच्या मागणीच्या आधी आणि कोणत्या तारखेस मिळणार, हे लिहून मागितले, तर त्याला हटवादी म्हणण्याचा अधिकार पाश्चात्त्य राष्ट्रांना नाही. आणि आम्हांस विचाराल तर त्याने याहूनही एक पाऊल पुढे जाऊन परवाना मागावा. युरोपच्या भूमीवर, जर्मनीतील श्रोबेनहाउझेन येथे पॅट्रियटची जुनी अस्त्रे बनविण्याचा कारखाना उभारावयाचे २०२४ मध्ये ठरले आहे. त्याच धर्तीवर युक्रेनच्या पश्चिम सरहद्दीपलीकडे, पोलंडमध्ये किंवा रुमानियात, ज्याच्या उत्पादनाचा ठरावीक हिस्सा कराराने युक्रेनचा राहील असा दुसरा कारखाना का उभा राहू नये? त्याचे पहिले अस्त्र बाहेर पडावयास कदाचित चार वर्षे लागतील. २०२२ मध्ये त्याचा पाया घातला असता तर ती चार वर्षे एव्हाना संपली असती.